ताई, ऐक ना!

सकाळचे साडेदहा. अंगणवाडीच्या खोलीत पंचवीसेक मुलं भिंतीला पाठ लावून बसली आहेत. ताई तक्त्यावर पट्टी ठेवतात आणि मुलं एका सुरात फळांची नावं म्हणतात. आवाज पार रस्त्यापर्यंत जातो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, शिकवणं जोरात चाललंय. तेवढ्यात कोपऱ्यातला चार वर्षांचा एक मुलगा उठून ताईंजवळ येतो. "ताई, ऐक ना, आमची शेळी व्याली." ताई म्हणतात, "हो का? बरं. बस जागेवर, हाताची घडी." मुलगा जागेवर जाऊन बसतो. पट्टी पुढच्या फळावर सरकते.

हा प्रसंग मी थोड्याफार फरकाने इतक्या ठिकाणी पाहिला आहे, की त्यात एका ताईंचा दोष काढणं मला अन्यायाचं वाटतं. पण त्या क्षणी त्या मुलाच्या पोटात किती भाषा होती! शेळी रात्री व्याली की पहाटे, करडं किती, त्यातलं काळं कोणतं, आजीने काय केलं, बाबा कुठे गेले होते, करडू उभं राहताना कसं पडलं. फळांच्या तक्त्यावरची बारा नावं त्याला आधीच पाठ होती. शेळीची गोष्ट मात्र त्याला अजून एकट्याने सांगता आली नसती. अडखळत, ताईंच्या प्रश्नांचा आधार घेत त्याने ती सांगितली असती आणि सांगता सांगताच ती कशी सांगायची हे त्याला उमगलं असतं. बालवाडीतल्या मुलांची बोली भाषा कशी वाढते, या प्रश्नावर गेल्या शंभर वर्षांत जगात आणि आपल्याकडे जे काम झालं, ते फिरून फिरून याच जागी येतं. मुलाला म्हणायला किती लावलं याने फार फरक पडत नाही. त्याच्याशी बोलणं किती झालं, याने पडतो.

दोन-अडीच वर्षांचं मूल वाक्यं बोलू लागलं की आपण म्हणतो, त्याला बोलता यायला लागलं. मग घराचं आणि शाळेचं सगळं लक्ष अक्षरांकडे वळतं. खरं तर तीन ते सहा या वर्षांत मराठी मूल भाषेचं केवढं तरी बांधकाम करत असतं. ते "मी करलं" म्हणतं. घरात कोणीही "करलं" म्हणत नाही, तरी ते म्हणतं, कारण मारलं, धरलं, भरलं यांतून त्याने स्वतःचा नियम काढलेला असतो. "घोडाला पाणी दे" म्हणतं, कारण बाबाला, दादाला, मामाला हे त्याने ऐकलेलं असतं. व्याकरणात ज्याला सामान्यरूप म्हणतात आणि ज्याच्यापुढे मराठी शिकणारी मोठी माणसं हात टेकतात, ते हे मूल पाच वर्षांचं होईपर्यंत कोणी न शिकवता बरंचसं बसवून टाकतं. तीन लिंगांनुसार विशेषणं फिरवतं. आम्ही आणि आपण यांतला फरक ओळखतं. "आम्ही जत्रेला गेलो" म्हणताना समोरच्याला बाहेर ठेवतं आणि "आपण जाऊ या" म्हणताना आत घेतं. म्हणून, पण, नाहीतर, जर-तर असे सांधे त्याच्या बोलण्यात येऊ लागतात. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल, काल घडलेल्या किंवा उद्या घडणाऱ्या गोष्टीबद्दल ते बोलू लागतं. पुढे पुस्तक वाचताना नेमकं हेच बळ कामाला येतं, कारण पुस्तकातली गोष्ट कधीच समोर घडत नसते.

"करलं" म्हणणाऱ्या मुलाला "करलं नाही, केलं म्हण" असं सांगितलं तर ते बहुधा गप्प होतं. "अरे वा, तू केलंस? कशाने केलंस?" असं विचारलं तर त्याच्या कानावर योग्य रूप दोनदा पडतं आणि बोलणंही पुढे जातं. अनेक आज्या हे न शिकता करतात. वर्गात मात्र ते मुद्दाम शिकून करावं लागतं.

या विषयावर परदेशात सर्वांत जास्त गाजलेलं काम म्हणजे अमेरिकेतल्या बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांचं. कॅन्ससमधल्या ४२ कुटुंबांत त्यांनी दर महिन्याला एक तास, अशी सुमारे अडीच वर्षं मुलांच्या कानावर पडणारं बोलणं नोंदवलं आणि १९९५ मध्ये पुस्तक लिहिलं. सुशिक्षित, सुस्थित घरातलं मूल आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरातलं मूल यांच्या कानावर चार वर्षांत पडणाऱ्या शब्दांत तीन कोटींचा फरक पडतो, हा त्यांचा हिशेब जगभर फिरला. त्यावर धोरणं आखली गेली. पण मदतीवर जगणारी कुटुंबं त्या ४२ मध्ये फक्त सहा होती. तीन कोटींचा आकडा थोड्या तासांच्या नोंदीवरून पुढे ताणून काढलेला होता. शिवाय वही घेऊन घरात बसलेल्या पाहुण्यासमोर गरीब घरातली आई मोकळी बोलेल का, हा प्रश्न उरलाच. या आकड्याने एक मोठं नुकसानही केलं असं मला वाटतं. गरिबाचं मूल म्हणजे भाषेत रिकामं मूल, ही समजूत त्यामुळे पक्की झाली. आपल्याकडच्या प्रशिक्षणांतही "यांच्या घरी बोलायला कोणी नसतं हो" हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ज्या घरात आजी, आत्या, चार भावंडं आणि दारात शेजारीण असते, त्या घराबद्दल ते म्हटलं जातं.

नंतरच्या कामाने शब्दांच्या मोजणीवरून लक्ष काढून देवाणघेवाणीकडे नेलं. २०१८ मध्ये रेचल रोमियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्ट ऐकताना त्यांच्या मेंदूत काय घडतं ते पाहिलं. मोठ्या माणसाशी ज्या मुलांचं आलटून-पालटून बोलणं जास्त होतं, त्यांच्या मेंदूतला भाषेशी संबंधित भाग अधिक कामाला लागलेला दिसला. घरचं उत्पन्न किती, कानावर एकूण शब्द किती पडले, हे बाजूला काढूनही तो संबंध टिकून राहिला. थोडक्यात, मुलासमोर तासभर भाषण केलं किंवा मोबाइल लावून दिला तर शब्द पडतात, पण त्यात मुलाची पाळी येत नाही.

मला स्वतःला याहून मोलाचा वाटतो तो १९८४ सालचा लंडनचा एक अभ्यास. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी चार वर्षांच्या आतबाहेरच्या ३० मुली निवडल्या. निम्म्या कामगारांच्या घरातल्या, निम्म्या मध्यमवर्गीय. सकाळी त्या बालशाळेत जात, दुपारी आईजवळ घरी असत. दोन्हीकडचं बोलणं मुद्रित केलं. अपेक्षा अशी, की प्रशिक्षित शिक्षिकांच्या सहवासात भाषा जास्त फुलेल. निघालं उलटं. घरी बोलणं जास्त, लांबलचक आणि खोल होतं, आणि हे दोन्ही थरांतल्या घरांत खरं होतं. घरी प्रश्न मुलगी विचारत होती, शाळेत शिक्षिका. त्यातली एक मुलगी खिडक्या पुसायला येणाऱ्या माणसाला आई पैसे का देते, हे समजून घ्यायला धडपडते. चुकतं, पुन्हा विचारते, आई पुन्हा सांगते. कुठलाही पाठ ठरलेला नाही, पण तिचं डोकं जिद्दीने एका गाठीभोवती काम करतं आहे. हीच मुलं शाळेत "हा कोणता रंग?" एवढ्याच प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊन गप्प बसत. कामगारांच्या मुली शाळेत अधिकच दबलेल्या दिसल्या. त्या गप्प बसल्या तो शाळेतल्या वातावरणाचा परिणाम होता. घरी त्याच मुली भरपूर बोलत होत्या.

"हा कोणता रंग?" हा प्रश्न नीट पाहण्यासारखा आहे. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतं आणि हे मुलालाही माहीत असतं. शर्ली ब्राइस हीथ यांनी अमेरिकेच्या कॅरोलायना भागातल्या वस्त्यांत वर्षानुवर्षं राहून १९८३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात दाखवलं, की काही वस्त्यांत मोठी माणसं मुलांना असे प्रश्न विचारतच नाहीत. मग ती मुलं शाळेत गोंधळतात आणि शिक्षकांना वाटतं, यांना काही येत नाही. आपल्या खेड्यापाड्यांतही भाकरीकडे बोट दाखवून "हे काय आहे?" असं घरी कोणी विचारत नाही. विचारतात ते "भाकरी कुणी खाल्ली?" हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर विचारणाऱ्याला हवं असतं, आणि म्हणून मूल चटकन आणि बऱ्याचदा सविस्तर उत्तर देतं, आपली बाजू सावरत.

आता वर्गात करायचं काय? चित्रांचं पुस्तक घेऊन मुलांशी गप्पा मारायची जी पद्धत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तपासली, तिचा परिणाम महिन्याभरात दिसला. पुढे मेक्सिकोतल्या पाळणाघरातल्या गरीब घरच्या मुलांवरही तो दिसला. तिचं मर्म असं, की गोष्ट सांगायचं काम हळूहळू मुलाकडे द्यायचं आणि मोठ्या माणसाने ऐकणारा व्हायचं. मूल म्हणतं, "कुत्रा." ताई म्हणते, "हो, ओला झालेला कुत्रा. कुठे गेला असेल हा?" मूल म्हणतं, "पाण्यात." ताई: "नदीच्या पाण्यात की पावसात?" मूल: "पावसात भिजला. छत्री नव्हती." मुलाच्या एका शब्दात दोन शब्द मिसळून तो परत द्यायचा आणि मग थांबायचं. थांबणं सर्वांत अवघड असतं. मेरी बड रो यांनी शाळांतल्या ध्वनिफिती तपासून दाखवलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक एक सेकंदही थांबत नाहीत. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. चार वर्षांच्या मुलाला तर त्याहूनही जास्त वेळ लागतो, कारण त्याला विचारही करायचा असतो आणि शब्दही जुळवायचे असतात.

आपल्या लोककथा या कामासाठी जणू घडवलेल्याच आहेत. चिऊकाऊची गोष्ट, भोपळ्यातली म्हातारी, यांत एकच बोलणं पुन्हा पुन्हा येतं. दुसऱ्या खेपेला मुलं ते ताईंच्या आधी म्हणतात आणि तिसऱ्या खेपेला त्यात स्वतःची भर घालतात. बडबडगीतांनी आवाजांचा खेळ होतो आणि कान तयार होतो. मराठीत टपटप, खळखळ, चुरूचुरू, लुटुलुटु असे नादशब्द तर ओंजळी भरून आहेत. पण सगळा वर्ग एका सुरात बडबडगीत म्हणतो तेव्हा एकही मूल कुणाला काही सांगत नसतं, हे विसरता कामा नये. गाण्याचा तास झाला म्हणजे भाषेचा तास झाला, असं बहुतेक वेळापत्रकांत धरलेलं असतं. माझ्या मते बालवाड्यांतली ही सर्वांत मोठी गफलत आहे.

शिकागोतल्या शिक्षिका व्हिव्हियन पेली यांची पद्धत मला आपल्या वर्गांसाठी विशेष जवळची वाटते, कारण तिला काहीच साहित्य लागत नाही. मूल गोष्ट सांगतं आणि शिक्षिका ती त्याच्याच शब्दांत लिहून घेते. दुपारी सगळे गोल करून बसतात, ती गोष्ट वाचली जाते आणि सांगणारं मूल ठरवेल ती मुलं ती करून दाखवतात. गोष्ट दोन वाक्यांची असली तरी चालते. "वाघ आला. तो झोपला." वाघ येतो, झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलाच्या गोष्टीत वाघाला आई असते. आपली गोष्ट दहा जणांना कळावी म्हणून ती अधिक नीट सांगायची गरज मुलाला स्वतःहून वाटते. पेली यांनी १९८१ मध्ये 'वॉलीज स्टोरीज' या पुस्तकात अशा कितीतरी गोष्टी नोंदवल्या आहेत.

आपल्याकडे हा विचार बाहेरून आयात करावा लागला असं मात्र नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, तेव्हा गोष्ट सांगणं आणि मुलांचं ऐकणं हाच त्यांच्या कामाचा गाभा होता. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथे काम करून महाराष्ट्रात आल्या. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द तिथून रुजला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांमध्ये काम उभं केलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली, महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शिंपले, खडे वापरले. शिंपला हातात आला की तो कुठे मिळाला, कुणी आणला, त्यात कोण राहत होतं, हे बोलणं ओघाने येतं. रंगीत प्लास्टिकच्या ठोकळ्याला अशी गोष्ट नसते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ताराबाईंच्या अंगणातला तो शब्द देशभर गेला. शब्दाबरोबर वजनकाटा गेला, आहार गेला, लसीकरण गेलं आणि ते जाणं फार गरजेचं होतं. अंगणात बसून मुलांशी बोलणं मात्र वाटेत मागे पडलं.

पुढच्या पिढीत फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी हे सूत्र वेगळ्या बाजूने धरलं. भाषाशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी फलटणमधल्या मराठीच्या निरनिराळ्या रूपांचा अभ्यास केला होता. त्यामुळे मुलाची घरची बोली ही चूक नसून स्वतःच्या नियमांची पूर्ण भाषा आहे, हे त्यांच्या शिक्षणकामाच्या मुळाशी होतं. पालघर जिल्ह्याच्या वाडा तालुक्यातून काम करणाऱ्या नीलेश निमकर यांच्या क्वेस्ट संस्थेने अंगणवाड्यांमध्ये गप्पा, गोष्ट आणि खेळ यांना रोजच्या वेळापत्रकात बसवण्याचं चिकाटीचं काम केलं आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा, दोन्ही मौखिक भाषेला आणि घरच्या भाषेला महत्त्व देतात. कागदावरचा वाद आता संपल्यात जमा आहे.

वर्गातला वाद संपलेला नाही. "मला" हा साधा शब्द घ्या. मालवणी मूल "माका" म्हणतं, वऱ्हाडी "मले", अहिराणी "माले". पहिल्याच आठवड्यात "माका नाही, मला म्हण" असं चार वेळा ऐकलं की मूल हिशेब करतं. मी बोललो की चुकतं, मग न बोललेलं बरं. प्रमाण मराठी ऐकून, गोष्टींतून, पुस्तकांतून दोन-तीन वर्षांत आपोआप येते. बोलण्याची हिंमत एकदा गेली की तशी आपोआप परत येत नाही. मेळघाटातल्या कोरकू मुलाची किंवा गडचिरोलीतल्या गोंडी, माडिया मुलाची स्थिती याहून कठीण आहे. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्राविडी कुळातली. मराठीशी त्यांचं नातंच नाही. या मुलाला ताईंचं बोलणं कळतच नसेल, तर मराठी बडबडगीत त्याच्यासाठी नुसता आवाज आहे. अशा ठिकाणी अनेकदा ताईंना मुलांची भाषा येत नाही, पण मदतनीस गावातलीच असते. ती भांडी घासते, खिचडी शिजवते आणि मुलांशी त्यांच्या भाषेत बोलते. माझ्या मते त्या वर्गाची खरी भाषाशिक्षिका तीच आहे. गोष्ट सांगायच्या वेळी तिला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून ताईंच्या शेजारी बसवलं पाहिजे.

शहरात हीच कोंडी इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत दिसते. तीन वर्षांच्या मुलाला वर्गात मराठी बोलायची मनाई आणि शिक्षिकेची स्वतःची इंग्रजी बेताची. मग दिवसभराचं बोलणं "सिट डाऊन", "स्टँड इन अ लाइन", "फिंगर ऑन युअर लिप्स" एवढ्यावर येतं. मूल इंग्रजी शिकत नाही आणि मराठीतही पुढे सरकत नाही. आईबापांची इच्छा मी चूक मानत नाही. दोन भाषा मूल सहज पेलतं. पण दोन्हींत त्याच्याशी कोणीतरी खरं बोलायला हवं.

ताईंची बाजूही सांगितली पाहिजे. पंचवीस मुलं, शिवाय गरोदर मातांच्या गृहभेटी, वजनं-उंची, घरपोच आहार, लसीकरणाचा दिवस, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरची नोंद. मानधन तुटपुंजं. या बाईला "प्रत्येक मुलाशी बोला" असं सांगून निघून जाणं सोपं आहे. काय शक्य आहे, ते शोधायला हवं. पाच-सहा मुलांचा एक गट ताईंजवळ गोष्टीला, बाकीची भातुकली किंवा दुकान-दुकान खेळायला. दुकानात "किलोभर दे की", "सुट्टे नाहीत", "उद्या या" हे जे चालतं, ते ताई नसतानाच फुलतं. तीन वर्षांची आणि सहा वर्षांची मुलं एकत्र असणं ही अंगणवाडीची अडचण मानली जाते. भाषेच्या दृष्टीने ती श्रीमंती आहे, कारण मोठं मूल धाकट्याला समजावून सांगतं तेव्हा दोघांचीही भाषा वाढते.

जे मूल सहा-सहा महिने बोलत नाही, त्याला लाजाळू म्हणून सोडून देऊ नये. आधी कान पाहावेत. सर्दी मुरून कान वाहणं आपल्याकडे फार आढळतं आणि तेवढ्या काळात मुलाला अर्धवट ऐकू येतं. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, तिथे हे मूल मुद्दाम पुढे करावं. मूल चार वर्षांचं होईपर्यंत ळ किंवा र न येणं, बोलण्याच्या घाईत अडखळणं, याला मात्र लगेच घाबरायचं कारण नसतं. अशा मुलाला मध्येच तोडू नये, त्याचं वाक्य आपण पुरं करू नये.

पर्यवेक्षक येतात तेव्हा एखाद्या मुलाला उभं करून रंग विचारतात, आकडे म्हणायला लावतात. मला वाटतं, त्यांनी खिचडी वाढली जाते त्या वेळी यावं आणि मुलांच्या पंगतीत बसावं. जेवताना बोलू नये ही आपली जुनी शिस्त, त्यामुळे हा अर्धा तास बहुतेक ठिकाणी तोंडावर बोट ठेवून जातो. मी पाहिलेल्या एका अंगणवाडीत ताई रोज पानं वाढून झाली की मुलांमध्येच बसायच्या. त्या दिवशी पाच वर्षांची एक मुलगी म्हणाली, "ताई, आज वाटाणा लई कडक हाय."

"हो गं, मलाही लागला. कशाने झाला असेल?"

मुलीने घास गिळला. ताई थांबल्या.

"भिजीवला नसंल."

आतून मदतनीस मावशी म्हणाल्या, "भिजवला होता गं बाई, रात्रीच!"

मुलगी पुन्हा वाटाणा चावून बघत राहिली. "मग पाणी थोडं घातलं आसंल. माझी आजी लई पाणी घालती. वर ताट झाकती. मग तो फुगतो."

समोरचा मुलगा म्हणाला, "आमची आई गरम पाण्यात घालती," आणि पंगतीच्या त्या टोकापर्यंत कुणाच्या घरी काय कशात भिजवतात, ते सुरू झालं.